तीस भौतिकशास्त्र शिक्षक आणि प्रशिक्षणाचा एकच दिवस: तो कसा आखावा?

प्रश्न थोडक्यात असा: हायस्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तीसेक शिक्षकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. मागच्या खेपेला ओळीने चार व्याख्यानं ठेवली होती. वक्ते चांगले होते, तरी दुपारनंतर निम्मा हॉल मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. या वेळी विषय कोणते घ्यावेत, वक्ते किती बोलवावेत, प्रयोग दाखवावेत का, आणि दिवसाचा उपयोग झाला की नाही हे कळायचं कसं?

वक्त्यांपासून सुरुवात करू नका, विषयापासून करा. आणि विषय एकच घ्या. विद्युत परिपथ, किंवा बल आणि गती, किंवा प्रयोगातली मोजमापं, यांतला एकच एका दिवसात नीट होतो. फार तर दीड, म्हणजे मुख्य विषय सकाळी आणि दुपारी हाताने करण्यासारखं काहीतरी छोटं. यांत्रिकीपासून क्वांटमपर्यंत सगळ्याला हात लावणारा दिवस निमंत्रणपत्रिकेवर भरगच्च दिसतो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलं काहीच पोहोचत नाही.

तुमच्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांना भौतिकशास्त्र येतं. ओहमचा नियम त्यांना नव्याने सांगायची गरज नाही. रोजच्या धावपळीत त्यांना मिळत नाही ती गोष्ट वेगळी: विद्यार्थ्याच्या चुकलेल्या उत्तरापाशी थांबायची सवड. हा मुलगा असं का म्हणाला? त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते उत्तर किती सरळ वाटतं? ते हलवायला कोणता प्रश्न, कोणता प्रयोग लागेल? शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचं ज्ञान वेगळं, आणि ‘हाच विषय शिकवताना मुलं कुठे अडतात आणि तिथे काय करायचं’ हे तिसरंच ज्ञान आहे. प्रशिक्षणात पहिल्या दोन प्रकारांवर वक्ते सहज मिळतात, म्हणून तेच होत राहतं. तुमचा दिवस तिसऱ्यासाठी ठेवा.

विषय ठरवताना शिक्षकांना ‘तुम्हाला काय हवं आहे’ असं विचारू नका. उत्तरं ठरलेली येतात: कृष्णविवर, कृत्रिम बुद्धिमत्ता, नवं काहीतरी. त्याऐवजी पंधरा दिवस आधी एक निरोप पाठवा: ‘गेल्या चाचणीत ज्या प्रश्नावर निम्म्याहून अधिक मुलं चुकली त्या प्रश्नाची पाच-सहा उत्तरं, नावं झाकून, फोटो काढून पाठवा.’ दहा जणांनी पाठवली तरी विषय समोर येतो. वर ही चुकीची उत्तरं हाच दिवसभराचा सर्वांत चांगला कच्चा माल ठरतो.

उदाहरणासाठी विद्युत परिपथ घेतो. साहित्य स्वस्त, वेळ हाताबाहेर जात नाही आणि अनुभवी शिक्षकांनाही त्यात खाद्य आहे.

सुरुवात स्वागत-परिचयाने करा, पण पाच मिनिटांत आवरा. लगेच प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि फळ्यावर तीन परिपथ काढा. पहिल्यात एक सेल आणि एक बल्ब, त्याला ‘अ’ म्हणा. दुसऱ्यात तसाच सेल आणि ‘ब’ व ‘क’ हे दोन बल्ब एकसर जोडणीत. तिसऱ्यात तसाच सेल आणि ‘ड’ व ‘इ’ समांतर जोडणीत. सगळे बल्ब सारखे, सेल आदर्श, म्हणजे कितीही धारा ओढली तरी त्याचं विभवांतर तेवढंच राहतं. पाचही बल्बांचा प्रकाशाच्या तीव्रतेनुसार क्रम लावा आणि प्रत्येक ठिकाणी कारण लिहा. नाव लिहायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही.

हा प्रश्न लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांच्या कामातला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या गटाने १९९२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, परिपथ शिकवून झाल्यावरही विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच पूर्ण क्रम बरोबर लावता आला. बरोबर उत्तर: अ, ड आणि इ सारखेच प्रखर, ब आणि क एकमेकांसारखे पण मंद. यातल्या कोणत्याही परिपथातला समतुल्य रोध काढून द्या म्हटलं तर तेच विद्यार्थी झटकन काढून देतात. गणित येतं, पण परिपथात काय चाललंय याचं चित्र डोक्यात नसतं.

चिठ्ठ्या गोळा करा आणि क्रमांचं वर्गीकरण फळ्यावर मांडा. कोणाचं काय होतं ते कधीही उघड करू नका. हॉलमध्ये वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले लोक असतात आणि कालपरवा नोकरीला लागलेलेही. सगळ्यांदेखत चुकण्याची भीती ज्येष्ठांना जास्त असते, आणि ती भीती एकदा शिरली की दिवसभर कोणी तोंड उघडत नाही. त्याच कारणाने मुख्याध्यापक आणि तपासणी अधिकारी यांना सकाळच्या या सत्रात बसवू नका. ते उद्घाटनाला येऊन गेले तर उत्तम.

फळ्यावर चुकीचे क्रम आले की मुलांनी पाठवलेल्या उत्तरांशी ते ताडून पाहा. दोन समजुती हमखास सापडतात. पहिली: विद्युतधारा वाटेत खर्च होते, म्हणून एकसर जोडणीत पहिला बल्ब जास्त पेटतो. दुसरी: सेल प्रत्येक परिपथात ठरलेली तेवढीच धारा सोडतो, म्हणून समांतर जोडणीत ती दोघांत वाटली जाऊन दोन्ही बल्ब मंद होतात. पहिली समजूत पाठ्यपुस्तक वाचून बऱ्यापैकी दूर होते. दुसरी फार चिवट आहे, आणि सकाळचा बराचसा वेळ तिच्यावर गेला तर जाऊ द्या.

आता गटांना साहित्य द्या. तिघांचा गट, चौघांचा नको, कारण चौथा नुसता बघत बसतो. आणि इथे संयोजकाने आधी बसून तयारी केलेली असावी लागते.

टॉर्चचे छोटे बल्ब एकाच खोक्यातले असले तरी सारखे नसतात. दोन बल्ब एकसर जोडले की बऱ्याचदा एक स्पष्टपणे जास्त पेटतो. विद्यार्थी लगेच म्हणतो, बघा, पहिल्याने धारा खाल्ली. म्हणून आदल्या दिवशी सगळे बल्ब जोडी-जोडीने एकसर लावून पाहा आणि सारख्या पेटणाऱ्या जोड्या वेगळ्या पुड्यांत बांधा. पण एका गटाला मुद्दाम विजोड जोडी द्या. त्या गटात वाद सुरू झाला की बाकीच्यांना तिथे बोलवा आणि काय करावं ते त्यांनाच सुचू द्या. कोणीतरी बल्बांच्या जागा बदलून पाहतो. जास्त पेटणारा बल्ब नव्या जागीही जास्तच पेटतो, म्हणजे फरक जागेचा नाही, बल्बाचा आहे. एवढी एक अदलाबदल ‘धारा खर्च होते’ या समजुतीला जे करते ते फळ्यावरच्या बाणांना जमत नाही. शिवाय वर्गात साहित्य मनासारखं वागलं नाही तर ते लपवायचं नसतं, त्याचाच प्रश्न करायचा असतो, हेही शिक्षकांनी इथे करून पाहिलेलं असतं.

दुसरी अडचण सेलची. समांतर जोडणीत ‘ड’ आणि ‘इ’ एकट्या ‘अ’पेक्षा जरासे मंद दिसतात, सेल जुना असेल तर चांगलेच मंद. आपण आत्ताच ‘सारखे प्रखर’ असं उत्तर सांगितलेलं असतं आणि समोर ते खोटं ठरताना दिसतं. कारण अंतर्गत रोध: जास्त धारा ओढली की सेलच्या आतच जास्त विभवांतर खर्ची पडतं आणि बाहेर कमी उरतं. सुरुवातीला नवे अल्कलाइन सेल वापरा, त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो. नंतर मुद्दाम वापरून दमलेला सेल द्या आणि तिसरा, चौथा बल्ब समांतर लावायला सांगा. प्रत्येक नव्या बल्बासरशी सगळेच थोडे मंदावतात. ‘सेल ठरलेली धारा देतो’ असं मानणाऱ्याला इथे वाटेल की तो बरोबर होता. मग विचारा: ठरलेली धारा असती तर दोन बल्बांत प्रत्येकी निम्मी धारा गेली असती आणि ते निदान ‘ब’ आणि ‘क’इतके तरी मंद झाले असते. झाले का? शेजारी ठेवून बघा. हा प्रश्न शिक्षकांनाही क्षणभर थांबवतो, आणि तसं थांबणंच सकाळी घडायला हवं.

ज्येष्ठांपैकी कोणीतरी फिलामेंटच्या रोधाचा मुद्दा काढेल. काढला नाही तर तुम्ही काढा. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्यापेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. त्यामुळे एकसर जोडणीत प्रत्येक बल्बाला निम्मं विभवांतर मिळालं तरी धारा निम्म्याहून जास्त राहते. बल्ब ओहमचा नियम सरळ पाळत नाही, हे मीटर लावून मोजून पाहायला अर्धा तास लागतो. ज्या गटाचं काम लवकर झालं त्याला तो द्या. आणि साधे बल्ब मिळत नाहीत म्हणून एलईडी वापरायचा मोह आवरा. एलईडीला पेटण्यासाठी ठरावीक विभवांतर लागतं, त्यामुळे हा क्रमाचा सगळा युक्तिवाद त्याला लागू पडत नाही. एलईडी दुसऱ्या विषयासाठी राखून ठेवा: लाल आणि निळा कोणत्या व्होल्टला पेटू लागतो ते मोजून प्लँकच्या स्थिरांकापर्यंत, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्रातल्या मूलभूत आकड्यापर्यंत, जाता येतं, पण तो स्वतंत्र दिवस आहे.

प्रयोग ‘दाखवावेत का’ असं तुम्ही विचारलंत. नुसते दाखवू नका. हार्वर्डमध्ये कॅथरीन क्राउच, एरिक मॅझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात आढळलं की प्रात्यक्षिक नुसतं पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागची संकल्पना, ते मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारशी जास्त समजलेली नव्हती. आधी अंदाज नोंदवून मग पाहिलेल्यांची समज मात्र बरीच चांगली होती. लागणारा जादा वेळ जेमतेम दोन मिनिटांचा. बल्बांच्या प्रश्नावर चिठ्ठ्या आधी घ्यायच्या त्या यासाठीच. शिक्षकांना हे निष्कर्ष स्लाइडवर दाखवायची गरज नाही, पण सत्र संपताना एवढं विचारा: ‘चिठ्ठी लिहिली नसती तर बल्ब पेटल्यावर तुम्ही काय म्हणाला असता?’ बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर असतं, ‘हो, असंच होणार होतं.’

बल्ब हाताळून झाल्यावर, आधी नाही, संगणकावरचं सिम्युलेशन उघडा. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाचं परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत. तिथले बल्ब अगदी सारखे असतात आणि तारेतले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. खऱ्या बल्बांशी झगडलेल्या माणसाला तिथे काय गाळलंय ते चटकन दिसतं. उलट क्रमाने केलं तर खरे बल्ब ‘चुकीचे’ वाटू लागतात.

आता वक्ते. एक पुरे, आणि अर्धा तास. सकाळच्या सत्रानंतर, जेवणाआधी. मोठ्या नावाचा मोह प्रत्येक संयोजकाला असतो आणि त्यात गैर काही नाही. शिक्षकांनाही खरा संशोधक भेटायला आवडतो. पण वक्त्याला दोन ओळींचं पत्र लिहा: तुमच्या कामातली अशी एक गोष्ट सांगा जी शाळेतल्या अभ्यासक्रमाला थेट जाऊन भिडते. समजा, गुरुत्वीय लहरींवर काम करणारा कोणी येणार आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या लहरी पहिल्यांदा थेट टिपल्या गेल्या, आणि त्या टिपणाऱ्या उपकरणाच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमधला तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता, हे ऐकून हॉल थक्क होतो. पण एवढ्यावर थांबलं तर शिक्षक थक्क होऊनच घरी जातो. तोच वक्ता जर प्रकाशकिरण दोन भुजांत विभागून परत एकत्र कसे आणतात आणि मार्गातल्या फरकाने प्रकाश-अंधाराचे पट्टे कसे सरकतात यावर थांबला, तर व्यतिकरणाच्या तासाला ते थेट उपयोगी पडतं. वक्त्याला हे आधी कळवलं तर बहुतेक जण आनंदाने बदल करतात, फक्त कोणी त्यांना ते सांगत नाही.

जेवणानंतर बोलणारं कोणीही ठेवू नका. तो वेळ हात कामात घालायचा. यासाठी साधा दोलक घ्या. विषय परिपथाचा नाही हे खरं, पण अर्ध्या विषयाची मुभा मी वर मागून घेतली आहे ती याचसाठी. प्रत्येक गटाने १ मीटरच्या आसपास लांबी घेऊन गुरुत्व त्वरण (पुस्तकातलं ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग) काढायचं, आधी एकच दोलन मोजून, मग २० दोलनं मोजून, आणि आलेली उत्तरं भिंतीवरच्या संख्यारेषेवर चिकटचिठ्ठीने लावायची.

१ मीटरच्या दोलकाचा दोलनकाल जवळजवळ २ सेकंद. स्टॉपवॉच चालू-बंद करण्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते. एका दोलनावर ती १० टक्के झाली, आणि सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्याने उत्तरात २० टक्के. २० दोलनांच्या ४० सेकंदांत तीच चूक अर्धा टक्का, म्हणजे उत्तरात १ टक्का. भिंतीवर पहिला पुंजका पसरट आणि दुसरा आटोपशीर दिसतो, तेव्हा ‘जास्त दोलनं का मोजायची’ हे सांगावं लागत नाही.

गंमत पुंजक्याबाहेरच्या चिठ्ठ्यांत आहे. एखाद्या गटाचं उत्तर १०.८-१०.९ च्या आसपास येतं. त्या गटाला पुन्हा मोजायला सांगा आणि सगळ्यांनी नुसतं ऐकायचं. दोलक सोडताना तोंडून ‘एक’ निघतो, म्हणजे ‘वीस’ म्हणताना प्रत्यक्षात १९ दोलनंच झालेली असतात, आणि उत्तर दहा-अकरा टक्क्यांनी फुगतं. मोजणी ‘शून्य’पासून सुरू करायची, एवढंच. दुसरा एखादा गट सातत्याने ९.७ च्या आसपास असतो. त्याने लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंत मोजलेली असते. गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल तर तो १ टक्का तिथेच गेला, आणि तो कितीही वेळा मोजून कमी होत नाही. दोलक मोठ्या कोनातून सोडला तरी फरक पडतो: २० अंशांचा आयाम असेल तर दोलनकाल पाऊण टक्क्याने वाढतो. यादृच्छिक आणि पद्धतशीर त्रुटींची व्याख्या मुलं पाठ म्हणून दाखवतात. इथे त्या भिंतीवर वेगवेगळ्या दिसतात. आणि वर्गात सगळ्यांच्याच वहीत ९.८ का येतं, हा नाजूक प्रश्न शिक्षक आपणहून काढतात. तो काढला की दहा मिनिटं मोकळी सोडा. उत्तराला गुण द्यायचे की मोजणीला, यावर त्या दहा मिनिटांत जेवढं स्पष्ट बोललं जातं तेवढं एरवी परीक्षेच्या बैठकीतही बोललं जात नाही.

मोबाईलचं काय, असंही तुम्ही सुचवलंत. काढून घेऊ नका, कामाला लावा. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं ‘फायफॉक्स’ हे ॲप फोनमधले संवेदक वापरतं: त्वरण, फिरण्याचा वेग, आवाज, चुंबकीय क्षेत्र. फोनच दोलक म्हणून टांगला तर ॲप दोलनकाल थेट देतं, आणि हाताने मोजलेल्याशी तुलना होते. मात्र पिशवी मजबूत घ्या आणि खाली उशी ठेवा.

दुपारचा मोठा भाग, दीड तास तरी, पाठासाठी ठेवा. वेळ कमी पडला की पहिला बळी याच सत्राचा जातो, म्हणून सांगतो: हे वाचवायला लागलं तर वक्ता काढा, दोलक काढा, पण हे काढू नका. सकाळी गट मिश्र ठेवले असतील तर आता एकाच शाळेतल्यांना एकत्र बसवा. ज्यांच्या शाळेत भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक आहे अशांना शेजारच्या शाळेतल्याशी जोडून द्या, त्यांना दिवसभरातली सर्वांत मोठी कमाई तीच वाटते. प्रत्येक गटाने येत्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष घ्यायचा असलेला एक तास निवडायचा आणि त्यातली फक्त दहा मिनिटं बांधायची: कोणता प्रश्न, मुलं अंदाज कसा नोंदवणार, प्रयोग कोणता, आणि चुकीचं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न कोणता. पूर्ण पाठ टाचण लिहायला लावू नका. टाचण लिहिणं सगळ्यांना येतं आणि त्यात वेळ जाऊन हाती काही लागत नाही.

मग ती दहा मिनिटं घेऊन दाखवायची. बाकीचे विद्यार्थी, पण प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: ‘तुम्हाला वाटतं की धारा बल्बात संपते’, ‘तुम्हाला उत्तर माहीत आहे पण कारण सांगता येत नाही’, ‘तुम्ही शेजाऱ्याचं बघून हात वर करता’. ही सोंगं शिक्षक फार छान वठवतात, कारण खरी पात्रं रोज समोर बसलेली असतात. मधेच हशा पिकला तर पिकू द्या. सोंग घेणाऱ्याला मात्र एक अट घाला: पटल्याशिवाय मत बदलायचं नाही. मग ‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो सर’ मिळत नाही आणि घेणाऱ्याला खरोखर पुढचा प्रश्न शोधावा लागतो.

एकाच्या हातात घड्याळ द्या. त्याने फक्त एकच मोजायचं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, कारणं येतात, आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि लगेचच्या पाठात पुन्हा सेकंदाभरात उत्तर देऊन टाकतात. आकडा हातात पडला की पुढच्या गटात आपोआप फरक दिसतो. ३ सेकंदांची शांतता वर्गासमोर उभं राहिल्यावर किती लांब वाटते ते अंगावर घेतल्याखेरीज कळत नाही.

याच सत्रात कोणीतरी म्हणणार: हे सगळं ठीक, पण पोर्शन कसा संपवायचा? हा आक्षेप टाळू नका, खरा आहे. माझं उत्तर असं असतं की प्रत्येक तास असा घ्यायचा नाही. वर्षातल्या सहा-सात जागा, जिथे समजूत चिवट आहे, तिथेच हे करायचं आणि बाकी नेहमीप्रमाणे शिकवायचं. आकडेच हवे असतील तर रिचर्ड हेक यांचं १९९८ चं सर्वेक्षण सांगा. यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६००० हून अधिक विद्यार्थ्यांची संकल्पना-चाचणी अभ्यासक्रमाआधी आणि नंतर घेतली गेली होती. जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली पारंपरिक व्याख्यानांत सरासरी २३ टक्के झाली आणि विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. तरी एक सांगून ठेवतो, हे वर्ग महाविद्यालयीन पातळीपर्यंतचे आणि निरनिराळ्या शिक्षकांच्या हाताखाली चाललेले होते. तुमच्या शाळेत नेमका तोच आकडा येईल असं कोणी वचन देऊ नये.

राहिला शेवटचा प्रश्न, उपयोग झाला हे कळायचं कसं. ‘सत्र आवडलं का, १ ते ५ गुण द्या’ हा फॉर्म फार काही सांगत नाही. उलट कधी दिशाभूल करतो. लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर त्यांनी गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी सांगितलं. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला जमत नाहीये. तुमच्या शिक्षकांचंही तसंच होईल, आणि मागच्या वर्षीच्या व्याख्यानांना कदाचित याहून चांगले गुण पडलेले सापडतील. फॉर्मवर त्याऐवजी तीनच गोष्टी मागा: कोणत्या वर्गात, कोणत्या तारखेला, कोणती दहा मिनिटं घेणार. एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे.

आणि साधारण पाच आठवड्यांनी एक तासाची बैठक त्याच दिवशी जाहीर करून टाका, ऑनलाइन चालेल. एकट्या एका दिवसाने शिकवणं बदलत नाही. बदलतं ते मधल्या काळात वर्गात काहीतरी करून पाहिल्यावर आणि त्यावर कोणाशी तरी बोलायला मिळाल्यावर. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दहा चिठ्ठ्या आणायच्या, नावाशिवाय, अंदाज आणि कारणासह. ज्यांनी तास घेतलाच नाही त्यांनीही यायचं आणि कशामुळे अडलं ते सांगायचं: बल्ब मिळाले नाहीत, तास दुसऱ्या कामात गेला, मुलं लिहायलाच तयार होईनात, प्रयोगशाळेची किल्ली सापडली नाही. पुढच्या प्रशिक्षणाचा विषय आणि साहित्याची यादी या अडचणींतूनच निघते, तेव्हा त्या लिहून घ्यायला एखाद्या नेमक्या लिहिणाऱ्या शिक्षिकेला किंवा शिक्षकाला आधीच सांगून ठेवा.